दुसरी डिस्क

५ फेब्रुवारी

…मी कपडे पिळत होते आणि हे बाथरूमच्या दाराला टेकून उभे होते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात आदल्या रात्रीची डिस्क. चहाच्या घोटांमध्ये बनियनच्या टोकाने ती पुसणं चाललं होतं, आतून बाहेर, आतून बाहेर. गोल पुसायची नाही. गोल पुसली की बारीकसा ओरखडासुद्धा चित्राच्या वाटेनेच पळत सुटतो आणि सिनेमा जागच्या जागी अडखळत बसतो. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की जेवणाची ताटंही मी आतून बाहेर पुसायला लागले होते.

"मग? त्या दीपगृहवाल्याचं काय झालं?" म्हणत मी ओल्या चादरीचं एक टोक ह्यांच्याकडे दिलं.

ह्यांनी कप खिडकीत ठेवला, डिस्क अंगठीसारखी बोटात अडकवली आणि चादर पिळायला घेतली. "काय व्हायचंय? वादळ थांबलं. सकाळी बोट आली. बायको उतरली आणि पहिलं काय म्हणाली, तर दिव्याची काच किती घाण ठेवलीयेस!"

मला असं हसू फुटलं की चादर सुटली, पाणी पायावर. तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं आणि मी धावले.

बस, एवढीच ती सकाळ. अशा पुष्कळ होत्या. आज छोट्या खोलीतलं कपाट उघडलं आणि नेमकी हीच का बाहेर पडली, कोण जाणे.

कपाट उघडलं ते सूनबाईसाठी. तिला नवी नोकरी लागली आहे आणि ती घरूनच करायची आहे. सध्या बिचारी जेवणाच्या टेबलावर बसते. एका टोकाला तिचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला वाटाणे सोलणारी मी. काल तिच्या साहेबांशी बोलणं ऐन रंगात आलं असताना कुकरने शिट्टी मारली. साहेब म्हणाले, अभिनंदन, गाडी वेळेवर सुटली. सगळे हसले, ही कानापर्यंत लाल.

तेव्हा छोटी खोली तिला. मी आपणहून म्हटलं. पण त्या खोलीत ह्यांचं सगळं दुकान आहे, भाड्याने द्यायच्या सिनेमांच्या डिस्क, हे गेल्यापासून तशाच.

मुलगा संध्याकाळी रिकामा खोका घेऊन आला. "आई, हा तुझा. ह्यात मावेल ते तुझं. बाकीचं महिनाअखेरीला भंगारवाला नेईल. चालेल?"

चालेल म्हटलं. खोका बघितला. मिक्सर येतो तेवढा.

७ फेब्रुवारी

मुलगा म्हणतो, "आई, ह्यातला प्रत्येक सिनेमा आता फोनवर दिसतो." असेल. फोनवर दिसतो, पण फोन कोणाला उठवत नाही.

आमच्या वेळी सिनेमा दोन डिस्कचा असायचा. पहिली संपली की पडदा निळा व्हायचा आणि कोणालातरी उठावं लागायचं. "तू ऊठ." "मी मघाशी पाणी आणलं, तुम्ही उठा." मग ट्रे कुरकुरत बाहेर येणार, दुसरी डिस्क आत जाणार, आणि तोपर्यंत सगळ्यांचं बोलून घेणं की आता पुढे काय होईल. मला वाटतं, त्या उठण्यातच अर्धी मजा होती.

म्हणजे लोक सांगतात म्हणून. मी त्या उठण्यापर्यंत कधी टिकलेच नाही. सुरुवातीला गोळ्यांमुळे. आमचं पहिलं बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही, त्यानंतर डॉक्टरांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. ह्यांनी दुकान त्याच वर्षी सुरू केलं होतं. दुकान बंद करून हे एक सिनेमा घरी आणायचे, मी पहिल्या अर्ध्यात झोपायचे आणि उरलेलं सकाळी ह्यांच्याकडून ऐकायचे. पुढे गोळ्या सुटल्या, मुलगा झाला, पण सवय राहिली. मला तर सकाळचंच जास्त आवडायला लागलं. कपडे, भांडी, झाडू, आणि मागे मागे फिरत सांगणारा माणूस. तक्रार एकच. सकाळी हे दूध आणायला गेले की हा माणूस तासभर उगवायचा नाही, आणि आणलेलं दूध हाताला कोमट लागायचं.

दुकानात सिनेमांना नावं नव्हती. लोक नाव कुठे लक्षात ठेवतात? "ते हिरव्या टोपीवालं द्या." "ज्यात कुत्रा वाट बघतो ते." तीच नावं आमच्या घरात आली. दीपगृहवाला. बुटांच्या दुकानवाला. सासरा झाडावर चढतो तो. खोक्यात हेच भरायचे, माझे ओळखीचे. सगळ्यांचे शेवट तोंडपाठ आहेत माझे.

१० फेब्रुवारी

खोक्यात घालण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हटलं, डिस्क चालते तरी का. मेलेली डिस्क कशाला जागा अडवेल? प्लेअर काढला, पुसला, जोडला. ट्रे बाहेर आला, आत गेला आणि खरखर करून "डिस्क नाही" असं लिहून आलं. डिस्क त्याच्या पोटात. रिकाम्या पोटाची तक्रार करतोय मेला.

दुरुस्तीवाल्या भावोजींना फोन केला. हे ह्यांचे जुने मित्र. पूर्वी टीव्ही आणि प्लेअर दुरुस्त करायचे, आता मोबाइल. ताबडतोब आले. पिशवीतून लहान कापसाची काडी काढली आणि प्लेअरचं झाकण उघडून आतल्या भिंगावरून फिरवली.

"वहिनी, ह्याचा डोळा आंधळा झालाय. थोडे दिवस दिसेल त्याला. फार छळू नका."

"माझं तेवढंच काम आहे. खोकाभर."

ते म्हणाले, "खोकाभर बघेपर्यंत हा टिकला, तर मी ह्याचा सत्कार करीन."

११ फेब्रुवारी

दीपगृहवाला बघितला. आख्खा, पहिल्यांदा दोन्ही डिस्क. दुपारी बघितला, झोप कशाला येते. मध्ये मीच उठले. "तू ऊठ" म्हणायला कोणी नव्हतं, तरी थोडं थांबून उठले.

बोट येते. पण बोटीत कोणी नाही.

मी शेवटपर्यंत बसले. मला वाटलं पुढे येईल, आणखी एक बोट असेल. नंतर नुसता समुद्र आणि नावांची यादी. दिव्याच्या काचेचा तर विषयच नाही.

हे झोपले असणार. दुसरं काय? दिवसभर दुकानात उभे राहून माणूस दमतो, मला समजतं. पण मग सरळ सांगावं ना, की अगं, मीही झोपलो. सकाळी एवढं रंगवून सांगायचं, डोळे मिचकावायचे, आणि मी इतकी वर्षं त्या बाईच्या बोलण्याला हसत राहिले. ती बाई बोटीत नव्हतीच!

१४ फेब्रुवारी

बुटांच्या दुकानवाला. ह्यांनी सांगितलेलं असं, की म्हातारा सगळं विसरतो, मुलीचा चेहराही विसरतो, पण ती समोर येऊन पाऊल पुढे करते आणि तो पाऊल बघून तिचा नंबर बरोबर सांगतो. हा शेवट मला फार आवडायचा. नंतर कितीतरी दिवस मी लोकांचे पाय बघत होते.

डिस्कमध्ये मुलगी येते. म्हातारा तिला म्हणतो, दुकान बंद आहे. संपलं.

मग मुद्दाम सासरा झाडावर चढतो तो लावला. हसून हसून पोट दुखलं, आणि शेवट शब्द न् शब्द ह्यांनी सांगितलेला! फांदी मोडते, तो थेट व्याह्यांच्या मांडीत पडतो आणि म्हणतो, "बसू का?" अगदी तस्सा.

म्हणजे विनोदी सिनेमाला महाराज जागे, आणि जरा गंभीर काही आलं की घोरायला सुरुवात. असा माणूस सिनेमाचं दुकान चालवत होता.

रागावून वाटाणे इतके भराभर सोलले की उद्याचेही झाले.

१६ फेब्रुवारी

सूनबाईला सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "आई, चुकीचे सांगितले ते सगळे रडकेच होते?"

"आतापर्यंत बघितलेले तरी."

"आणि हसरे सगळे बरोबर?"

"अगदी. फांदीसकट."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटायचंय? राग आला. मला पुस्तक वाचायचं तर मी शेवटचं पान आधी वाचते, तुला माहीत आहे. कोणी मरणार असेल तर ते मला आधीच कळलेलं बरं. हे मला त्यावरून चिडवायचे. आणि स्वतः शेवट न बघता ठोकून देत होते!"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा फोन वाजत होता, तिने तो उपडा ठेवला. "आई, तुम्ही ना…" म्हणाली आणि माझा हात जरा जोरात दाबून उठून गेली. हिला मध्येच काय झालं, समजलं नाही. कामाचा ताण असेल. खोली लवकर रिकामी करायला हवी.

१९ फेब्रुवारी

प्लेअर पुन्हा रुसला. भावोजी आले. काडी फिरवत असताना मी विचारलं, "भावोजी, तुम्ही दीपगृहवाला पाहिला होता?"

"पाहिला? तुमच्या नवऱ्याने त्या सिनेमावरून माझं डोकं खाल्लं होतं वहिनी. सकाळी सकाळी, दुधाची पिशवी हातात घेऊन माझ्या टपरीवर. मी कुलूप उघडतोय आणि हा विचारतोय, समज, बोट रिकामी आली नाही. समज, बायको आली. तर उतरून पहिलं काय बोलेल?"

"मग?"

"मी म्हटलं, माझी बायको असती तर म्हणाली असती, काच किती घाण ठेवलीयेस. झालं! उडीच मारली त्याने. म्हणाला, हेच पाहिजे होतं, आणि पळाला."

"म्हणजे ते वाक्य तुमच्या बायकोचं?"

"तिचंच. अजून रोज म्हणते."

ऐकून मी थक्क. शेवट बघितलेला नाही तो नाहीच, वर सांगितला तोही उसना! मी तसं बोलून दाखवलं, की स्वतः झोपायचे आणि गावभर विचारत फिरायचे. भावोजींनी मान वर केली, काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "स्क्रू पडला वाटतं," आणि टेबलाखाली वाकले. बराच वेळ वाकून होते. स्क्रू तर त्यांच्या तळहातात दिसत होता मला.

२३ फेब्रुवारी

खोका अजून रिकामा आहे. कपाटासमोर बसते आणि एकेक हातात घेऊन परत ठेवते. मला ठेवायचा आहे तो पाऊल ओळखणारा म्हातारा, काच घाण आहे म्हणणारी बायको. ते कपाटातल्या एकाही डिस्कवर नाहीत. मग भरू काय?

मुलाने डोकावून विचारलं, "आई, झालं का?" मी म्हटलं, होतंय. सूनबाईने त्याला बाहेर ओढलं.

दुपारी वरच्या काकू खाली आल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, नजर अधू आहे, पण कान तिखट. माझ्या प्लेअरचा आवाज रोज वर जातो म्हणे. "एकटीच बघतेस होय गं? मला दिसत नाही म्हणून बोलवायचं नाही, असं आहे का?"

"काकू, माझीच चूक. या, बसा. कोणता लावू?"

"कोणताही. माणसं नीट बोलत असली म्हणजे झालं."

हाताला आला तो लावला, दोन बहिणींचा. हा आम्ही कधीच घरी आणला नव्हता. दोघी बहिणी भांडतात, धाकटी तोंड फिरवून निघून जाते, थोरली रोज खिडकीत बसते. दिसत नव्हतं ते मी सांगत होते. "आता तिने पडदा सारला. आता पत्र्याचा डबा उघडला." काकू नुसत्या ऐकत होत्या. पहिली डिस्क संपली तेव्हा त्यांची औषधाची वेळ झाली होती.

उठता उठता म्हणाल्या, "उरलेला तू बघून घे. मला सांग नंतर. सगळं नको, धाकटी येते का तेवढं सांग."

काकूंची धाकटी बहीण त्यांच्याशी बोलत नाही. आईचं शिवणयंत्र कोणी घ्यायचं ह्यावरून. शिवणयंत्र काकूंच्या घरात आहे, त्यावर कुंडी ठेवलेली आहे, आणि शिवायला दोघींनाही आता दिसत नाही.

२५ फेब्रुवारी

दुसरी डिस्क बघितली. नको होती बघायला.

काकूंनी वरून दोनदा आवाज दिला. पहिल्यांदा म्हटलं, प्लेअर बिघडलाय. दुसऱ्यांदा म्हटलं, पाहुणे आहेत. ऐकू सगळं येतं त्यांना, पाहुणे नाहीत हेही आलंच असेल.

खरं ते सांगून टाकावं. सिनेमाच तर आहे. मी शेवटचं पान आधी वाचणारी बाई, मला सत्य झेपतं. पण काकूंनी विचारलं कसं होतं, "तेवढं सांग."

संध्याकाळी भावोजींना फोन लावला. म्हटलं, तुम्हाला बरं सुचतं, एक विचारायचं होतं. "भावोजी, समजा दोन बहिणी आहेत. समजा, धाकटी परत आली. तर दारात उभी राहून पहिलं काय…"

आणि माझं वाक्य तिथेच राहिलं.

 त्यांच्या दुकानात कोणाचातरी मोबाइल वाजत होता, तो वाजून बंद झाला.

मग ते म्हणाले, "घाई करू नका वहिनी. त्यालाही पटकन सुचायचं नाही. दूध गरम व्हायचं हातात."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पुढे काय लिहू? आज एवढंच.

२७ फेब्रुवारी

खोका भरला. एका बैठकीत.

विनोदी सिनेमांच्या दोन्ही डिस्क ठेवल्या. बाकीच्यांची प्रत्येक जोडी उघडली आणि फक्त पहिली डिस्क ठेवली. सगळ्या पुसून, आतून बाहेर. असं केल्याने जागा निम्मीच लागते आणि माझे सगळे ओळखीचे मावले, कुत्रा वाट बघतो तोसुद्धा. मुलगा म्हणाला, "आई, अर्धे सिनेमे कोणी ठेवतं का? ह्यांचा शेवट कुठे आहे?"

"आहे माझ्याकडे."

"कुठे?"

सूनबाई म्हणाली, "तू खोका उचल रे, वाकून उचल, पाठ धरेल."

भंगारवाला दुपारी आला. तो पोती भरत असताना सूनबाईला सुचलं, की थोड्या डिस्क गॅलरीत टांगाव्या, कबुतरं वाळत घातलेले कपडे घाण करतात. तेव्हा दुसऱ्या डिस्कची एक माळ दोरीला बांधली. ऊन पडलं की भिंतीवर रंगांचे तुकडे पळतात. रिकामी बोट, बंद झालेलं दुकान, सगळे गोल गोल फिरताहेत आणि कबुतरं समोरच्या गच्चीवर बसून आमच्याकडे डोळे वटारून बघताहेत. इतकी वर्षं कपाटात होत्या, आता कुठे कामाला लागल्या.

सूनबाईचं टेबल छोट्या खोलीत गेलं. वाटाणे सोलायला आता सगळं टेबल माझं. फार मोठं वाटतं ते.

प्लेअर आज बंद पडला. भावोजींना कळवलं नाही अजून. सत्कार हुकला.

२८ फेब्रुवारी

आज सकाळी दूध आणायला गेले ते बागेच्या बाकावर बसून राहिले. घरी आले तेव्हा पिशवी कोमट झाली होती. मग कपडे धुतले आणि गॅलरीत आले. काकू वरच्या गॅलरीत वाकून उभ्याच होत्या.

"पाहुणे गेले का गं तुझे?"

"गेले, काकू."

"मग सांग. आली का धाकटी?"

"आली," मी म्हटलं. "अगदी शेवटी आली. दारात चप्पलसुद्धा काढली नाही आणि पहिलं काय म्हणाली, तर खिडकीत बसून बसून केवढी सुटलीयेस!"

काकू इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चिमटा सुटून माझ्या बादलीत पडला.

"आणि थोरली?" त्यांनी विचारलं. "थोरली काय म्हणाली?"

मी चादर झटकली, दोरीवर टाकली, आणि थोरली काय म्हणाली तेही सांगितलं.